पाण्याच्या वेळेची ग्रामसभा

गडाखालच्या आमच्या वाडीत नळाला पाणी चारला येतं आणि तासाभरात जातं. ग्रामसभाही चारलाच असायची. मुद्दाम कुणी केलं असं मी म्हणत नाही. पुरुषांना ती वेळ सोयीची, आणि तेव्हा नळावर कोण उभं असतं याचा विचार करायची गरज कुणाला पडली नव्हती. वर ऐकवायचे, बायका सभेला येतच नाहीत, आम्ही तरी काय करणार!

मी पाणी समितीची सदस्य. नाव माझं, सभेत हात वर करायचा मालकांनी. अशात नवी टाकी मंजूर झाली आणि ती खाली, बंगल्यांच्या प्लॉटांशेजारी बांधायचं ठरत आलं. जागा सपाट, गाडी पार आत जाते म्हणे. अहो, पण तिथून पाणी आमच्या चढावर येणार कसं? आमचा नळ आधीच नुसता फुसफुसतो. मागच्या उन्हाळ्यात सासूबाई खालून हंडा घेऊन चढताना पडल्या, मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं. टाकी खाली झाली असती तर तोच चढ माझ्या नशिबी, आणि उद्या माझ्या पोरीच्याही. माझं डोकंच फिरलं.

सभेच्या आदल्या दिवशी नळावर मी सगळ्यांना सांगितलं, उद्या पाणी भरायचं नाही, सभेला जायचं. टाकी वरच्या टेकाडावर झाली तर खालच्या आळीलाही पाणी जोरात येईल, हेही सांगितलं. एकीनं विचारलं, मग रात्री प्यायचं काय? मी म्हटलं, ज्याला तहान लागेल तो भरेल. आधी सगळ्या हसल्या, मग एकेकीनं येते म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही सतरंजीवर पुढंच जाऊन बसलो. टाकीचा विषय निघाला आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, पाणी आलं. सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. आम्ही जागच्या हललो नाही.

"अगं बायांनो, पाणी आलंय. जावा की भरायला," माझे चुलत सासरे म्हणाले. त्यांच्यापुढं मी कधी पदर ढळू दिला नव्हता, तोंड उघडणं तर लांबच. तरी उभी राहिले.

"आबा, आज तुमी जावा. आमी टाकीचं ठरवून येतो."

बाया लय शेफारल्या, असं मागं कुणीतरी पुटपुटलं. पुटपुटू दे. घरी हंडे रिकामे, गोठ्यात जनावरं, आणि नळ काही वाट बघत नाही. सगळ्यात आधी आमचे मालक उठले. रागानं की समजून, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मग एकेक करून बाकीचेही गेले. उरले त्यात बायकाच जास्त.

सरपंच दाराकडं बघत म्हणाले, मंडळी येईपर्यंत थोडं थांबू.

"आमच्यासाठी कवा थांबला व्हता? हात मोजा," मी म्हटलं.

त्यांनी मोजले.

टाकी वरच्या टेकाडावर उभी आहे. सासूबाई वाकड्या मनगटानं दारातला नळ सोडतात आणि बादली भरेपर्यंत उगाच तिथं उभ्या राहतात. सभा आता सकाळी ठेवतात, ऐन भाकरीच्या वेळेला. ठेवा म्हणावं. आम्ही येतो.