फिलिपकाकासुद्धा घरात नव्हते

आधीच सांगते, भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं काहीही आमच्या घरात मानलं जात नव्हतं. आम्ही ख्रिस्ती. बाबा चर्चमध्ये पंच होते, आई संडे स्कूल घ्यायची. अमक्याचं घर झपाटलेलं आहे असं कुणी म्हणालं की बाबा हसायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही. त्यामुळे इथे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण आता वय झालं, आणि त्या दुपारी गल्लीत असलेली बहुतेक माणसं राहिलेली नाहीत. म्हणून लिहिते.

गोष्ट देवळाली कॅम्पची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. आमची गल्ली बाजाराच्या मागे — समोरासमोर कौलारू घरांच्या दोन रांगा, मध्ये सगळ्यांचा मिळून एक नळ, आणि टोकाला छोटं दगडी चर्च. घरं सगळी आमच्याच मंडळीतली. लष्कराच्या फायरिंगचे धाड धाड आवाज दिवसभर यायचे. पाहुणे दचकायचे, आम्हाला ते ऐकूही येत नसत.

त्या उन्हाळ्यात चर्चमध्ये संजीवन सभा झाल्या. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते, उंच आणि खणखणीत आवाजाचे. शेवटच्या सभेत ते म्हणाले, "प्रभू येईल तेव्हा कळवून येणार नाही. आपली माणसं उचलून घेऊन जाईल. स्टोव्हवरचा चहा स्टोव्हवर उकळत राहील! आणि जे मागं राहतील ते दारोदार हाका मारत फिरतील." मग ज्यांना आपल्या तारणाची, म्हणजे प्रभू आपल्याला नेईलच याची, खात्री आहे त्यांना हात वर करायला सांगितलं. आईचा हात वर गेला. शेजारच्या मेरीमावशींचा गेला. माझा जाईना. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, दृढीकरण झालेलं, सगळी गायनं पाठ... पण खात्री? ती कशी असते हेच मला ठाऊक नव्हतं.

सभा संपल्यावर प्रचारक दारात उभे होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मुली, तू हात वर केला नाहीस. आत्ता इथून जाताना गाडीखाली आलीस, तर कुठं जाशील?"

झालं. जेवताना, बसमध्ये, टाइप करताना डोक्यात एकच — मला सोडून जातील. आईला विचारलं तर म्हणाली, "वेडी आहेस का बेबी? आपण जन्मापासून प्रभूचे." पण ती 'आपण' म्हणाली, 'तू' म्हणाली नाही, हेच मी मनाला लावून घेतलं.

त्यानंतरचाच शनिवार. ऑफिस अर्धा दिवस. भर दुपारी कॅम्पात उतरले. बाजार चालू होता, मी केळीसुद्धा घेतली. गल्लीत वळले.

कुणी नव्हतं.

आधी काही वाटलं नाही. ऊन होतं, लोक आत असतील. पण नळ सोडलेला होता आणि खालची बादली भरून वाहत होती. आमच्या गल्लीत पाणी असं कुणी वाया घालवत नसे. घरात शिरले. "आई?" शिलाई मशीनवर माझाच ब्लाउज सुईखाली अडकलेला... आणि मशीनचं चाक हलत होतं. हळूहळू, पण हलत होतं. स्टोव्हवर चहा उतू जात होता.

मी स्टोव्ह बंद केला. बाबा ऑफिसात असणार हे माहीत होतं, पण आई? मेरीमावशींकडे धावले. दार उघडं, निवडायला घेतलेले तांदूळ सुपात, मावशी नाहीत. पुढचं घर, त्याच्या पुढचं... हाका मारत सुटले. आणि मग लक्षात आलं, फायरिंगचा आवाजही येत नाहीये. शांततेनं कान दुखायला लागले होते.

शेवटी मी फिलिपकाकांच्या दाराशी आले. काका ऑफिसर्स मेसमध्ये स्वयंपाकी. दारूपायी बायको माहेरी निघून गेलेली. प्रभूभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारस घ्यायला, कधी पुढे येत नसत, सर्वांत मागच्या बाकावर बसून मधूनच उठून जात. गल्लीत सगळे म्हणत, एखाद्याचं तारण होणार नसेल तर ते फिलिपचं. मी मनात म्हटलं, काका घरात असू देत. ते असले तर मी एकटी नाही.

त्यांची खाट रिकामी होती. स्वयंपाकघर, मोरी, मागचं अंगण, सगळं बघितलं. फिलिपकाकासुद्धा नव्हते.

म्हणजे त्यांनाही नेलं. मला नाही.

ती भीती मला शब्दांत सांगता येणार नाही. चर्चचं दार उघडं होतं, मी आत पळाले आणि पुढच्या बाकावर डोकं टेकून बसले. प्रार्थना सुचेना. मागणार तरी काय, सगळं तर होऊन गेलेलं. तोंडातून एवढंच आलं — "मला ठेवलंस ना इथं? मग तू तरी जाऊ नकोस."

मागे बाक करकरलं. कुणीतरी बसल्यावर करकरतं तसं.

मानेवरचे केस उभे राहिले. वळून बघायची हिंमत होईना. मग पावलं ऐकू आली... सावकाश, मधल्या वाटेनं पुढे येणारी. माझ्या बाकाशी थांबली. मी डोळे गच्च मिटले. बाक माझ्या उजव्या बाजूनं खाली दबलं. शेजारी कुणीतरी बसलं होतं. स्पर्श नाही, शब्द नाही, नुसतं कुणीतरी असणं. मी लटलट कापत होते. पण त्याच क्षणी, तेवढ्याच जोरात, मला कळलं की हा जाणार नाही. मी कशीही असले तरी जाणार नाही. भीती आणि खात्री एकदमच आल्या, एकीनं दुसरीला हटवलं नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मग धाडकन फायरिंगचा आवाज झाला, आणि दारातून आई ओरडली, "बेबी! अगं होतीस कुठं?"

बाहेर अख्खी गल्ली जमलेली. मेरीमावशी, नळावरच्या बायका, सगळे.

आईनं नंतर सांगितलं ते ऐकून मी जास्त घाबरले. ती कुठंच गेली नव्हती. मशीनवरच बसली होती. "तू आत आलीस, मला हाक मारलीस. मी म्हटलं, अगं ही काय इथं आहे! तू स्टोव्ह बंद केलास आणि माझ्याकडे न बघता निघून गेलीस." मेरीमावशींनी तर माझा दंड धरला होता म्हणे. मला काहीच जाणवलं नव्हतं. मी चर्चमध्ये शिरताना सगळ्यांनी पाहिलं, पाठोपाठ आत आले, तर आत कुणीच नाही. चर्चला दार एकच. त्यांनी सगळी बाकं पाहिली, मग गल्लीभर शोधलं, आणि परत आले तेव्हा मी पुढच्याच बाकावर बसलेली.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. बाबा म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." 'कुठं जाशील' हा प्रश्न मात्र मला पुन्हा कधी पडला नाही.

फिलिपकाकांना मी सगळं सांगितलं होतं, कारण त्या दुपारी मी त्यांच्या दारात आले तेव्हा तेही "काय झालं गं?" म्हणत माझ्यासमोरच उभे राहिले होते. काही वर्षांनी लिव्हर गेलं आणि ते हॉस्पिटलात पडले. मी सकाळी पेज घेऊन गेले. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. माझं मनगट धरून म्हणाले, "बेबी, त्या दिवशी मी तुला दिसलो नव्हतो ना? नीट बघितलं होतंस?"

"अंगणापर्यंत बघितलं, काका. तुम्ही नव्हतात."

"म्हणजे मला नेलं होतं."

मी मान डोलावली. त्यांनी नजर छताकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "आणि समजा... नाहीच नेलं तर?"

"तर तो शेजारी येऊन बसतो, काका."

"भीती वाटते का गं तेव्हा?"

खोटं बोलवेना. "खूप," मी म्हटलं.

"चालेल," काका म्हणाले, आणि त्यांनी माझं मनगट सोडलं.

त्या दुपारी मी कुठं होते, गल्ली कुठं होती, मला खरंच माहीत नाही. ऊन लागणं मी समजू शकते. पण मी समोर असून आईला त्या बाकावर दिसले नाही, ते का? बाक दबलं ते कुणामुळे, याबद्दल मला शंका नाही. तरीही आज चर्चमध्ये एकटी असताना मागचं बाक करकरलं, तर मी वळून बघत नाही.