उकंडा फौजी आणि बुडालेली पेटी

केनवडात पैसा कुणाकडे आहे असे विचारले, तर बायाबापड्यासुद्धा उकंडा फौजीच्या झोपडीकडे बोट दाखवत. झोपडीत दोन गाडगी, एक घोंगडी आणि लष्करातून आणलेली पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत काय आहे ते साऱ्या गावाने पाहिले होते, कारण उकंडा घरी नसताना ती दोनदा फोडली गेली होती. निघाला एक फाटका स्वेटर. पण गावाच्या संशयाला खायला पुरावा लागत नाही. तो हवेवरच बाळसे धरतो.

झाले होते ते एवढेच. एकाहत्तरच्या लढाईत, तिकडे पूर्वेला, खजिन्याची एक पेटी नदीपलीकडे न्यायची होती. राखणीला चार शिपाई; त्यांत हा उकंडा आणि शेलूबाजारचा रामधन. भर धारेत तराफा कलला आणि पेटी पाण्यात गेली. उकंडाने ती जाताना पाहिली, झेप घेतली, कडी हाताला लागली आणि सुटली. मागून माणसे उतरवून शोधले, तर गाळाशिवाय काही मिळाले नाही. वरच्या साहेबांना कुणाला तरी शिक्षा करायची होती आणि नदीला ती करता येत नाही. चौघांची वर्दी उतरली, पेन्शन बुडाली, आणि चोर हा शिक्का घेऊन चौघे आपापल्या गावी परतले.

उकंडाची ठरलेली सोयरीक मोडली. माजी सैनिकांच्या जमिनीच्या यादीत नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. तो जानराव पाटलांकडे वर्षाच्या बोलीने सालदार राहिला. या सगळ्याचे त्याला फारसे वाटले नाही, कारण एक माणूस त्याच्या बाजूने होता. थोरला भाऊ रूपला. बाप लवकर गेला, तेव्हा रूपलानेच त्याला वाढवले. छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेले, तेव्हा गर्दीत चिरडला जाऊ नये म्हणून दिवसभर त्याला खांद्यावर घेतले होते. "माहा भाऊ म्हणते पेटी बुडाली, म्हणजे बुडाली," असे रूपला चावडीवर ठणकावून सांगे. तेवढ्या एका वाक्यावर उकंडा जगत होता.

मग बहात्तरचा दुष्काळ सरला, त्या हिवाळ्यात रामधन आला. एसटीतून उतरला आणि उकंडा भावाकडे आहे असे कळताच सरळ रूपलाच्या अंगणात येऊन बसला. अंग सुकलेले, डोळे मात्र भुकेले.

"उकंडा, लय थांबलो मी. आता वाटा काढ."

"कशाचा वाटा? तुह्यासमोरच बुडाली ना पेटी!"

"मी तराफ्याच्या दुसऱ्या बाजूनं होतो. मले फक्त पाणी दिसलं. पेटीपाशी तू होता."

म्हणजे ज्याच्याबरोबर शिक्षा भोगली, त्यालाही तेच वाटत होते! उकंडाला हसावे की रडावे कळेना. रामधन शिव्या देत निघून गेला. रूपला मात्र चुलीपाशी जाऊन बसला. बायको केशरबाईने वाढलेली भाकरीही त्याने बाजूला सारली.

"मले काहून नाही सांगतलं?" तो म्हणाला.

"दादा, काय सांगू? काहीच नाही."

"गावाले नको सांगू. मले पण नाही? पैशाले आग लागो. तू माह्यापासून लपवून राह्यला, हे मले सोसवत नाही."

पैसा मागणाऱ्याला नाही म्हणता येते. विश्वास मागणाऱ्याला काय द्यायचे? उकंडाने बाबासाहेबांच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली. रूपलाने मान फिरवली. पुढचे चार दिवस तो भावाशी बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी बोलला ते भलतेच.

"जानरावच्या पेवात ठेवले ना? आल्या आल्या तूच त्याचं तोंड लिंपलं होतं."

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र खोलीएवढे. मालकाने सांगितले म्हणून उकंडाने ते जुने पेव लिंपले होते. पण भाऊ एकदा डोळ्यांनी पाहील तर हा फास सुटेल, असे त्याला वाटले. जीव हलका होऊन तो म्हणाला, "पाय ना दादा, तूच पाय! मी पाटलाले विचारतो. उद्या तोंड उघडू, रातभर हवा खाऊ देऊ, परवा कंदील सोडू. कंदील जळत राह्यला त मंग तू उतर."

यात नवे काही नव्हते. बंद पेवात हवा मरते, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. रूपलाने स्वतः किती पेवे उघडली होती! पण मन एकदा विटले की शहाणपणाचा सल्लाही डाव वाटतो. रातभर उघडे ठेवायचे, म्हणजे हा रातोरात माल हलवणार, असे त्याने धरले.

दुसऱ्या दिवशी जानराव कोर्टाच्या तारखेसाठी वाशीमला गेले. उकंडा शेतात बैल जुंपत होता, तेवढ्यात केशरबाई ऊर बडवीत बांधावर आली. "भाऊजी, हे पेवात उतरले! आवाज देऊन राह्यली, बोलत नाहीत!"

तो धावला. पेवाच्या तोंडाशी लिंपण फोडलेली लोखंडी सब्बल पडली होती. कंदील दोरीने खाली सोडला. त्याच्या उजेडात रूपला कुशीवर पडलेला दिसला, अंगणात झोपावा तसा. आणि कंदील विझला. उकंडा उडी घेणार तोच जमलेल्यांपैकी चौघांनी धरला. लढाई पाहिलेला तो गडी गुरासारखा हंबरत होता, सोडा म्हणून हातापाया पडत होता, आणि लोक त्याच्याच भल्यासाठी त्याला सोडत नव्हते. कडुलिंबाच्या फांद्या दोरीला बांधून खालीवर करत हवा खेळवली. रूपलाला वर काढले, तेव्हा सारे आटोपले होते.

प्रेत अंगणात पोचायच्या आत दोघे जण पेवात उतरून तळ उकरत होते. काही मिळाले नाही, तेव्हा गाव म्हणाले, त्याने आधीच हलवले. पैशापायी सख्खा भाऊ मारला.

उकंडाने गाव सोडले आणि वाशीमच्या स्टेशनावर हमाली धरली. पोती वाहून खांद्याला घट्टे पडले. एक वेळ जेवायचा, आणि महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी केनवडला येऊन साठवलेले सगळे केशरबाईच्या हाती ठेवायचा. भावाचे घर उघडे पडू नये, एवढीच त्याची तडफड. लोक दारातून बघत आणि एकमेकांना कोपर मारत. पाहा, पेटीतले पैसे निघून राह्यले हळूहळू!

केशरबाईने वर्षभर मुकाट घेतले. एकदा मात्र नोटा पदरात बांधता बांधता ती थांबली. आवाजात राग नव्हता, विनवणीच होती.

"भाऊजी, माणूस त गेलाच माहा. आता असे थोडे थोडे काहून देता? एकदाच देऊन टाका ना."