मुकादमाचा कळप

पिंपळनेरला बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर आम्ही काही म्हातारे बसतो. मी बोलायला सावकाश. माझा एक किस्सा संपेपर्यंत कोणाचा चहा संपतो, कोणाची बस निघून जाते. त्यामुळे माझे किस्से अर्धेच राहत गेले आणि साचत गेले. आता हे लोक म्हणतात, लिहून काढा, आम्ही आमच्या सवडीने वाचू. मी शाळेत फारसा गेलो नाही. जमेल तसं लिहितो.

आमचं धरण भरलं तेव्हा आजूबाजूचं सगळं बुडालं आणि मधली टेकडी तेवढी वर राहिली. मासेमारीच्या ठेकेदाराची जाळी, बर्फाच्या पेट्या आणि पत्र्याचं एक शेड त्या टेकडीवर आहे. मी तिथला राखणदार. मी, माझी बायको जनाबाई, होडीवाला सुकलाल आणि जाळी टाकणारा दामू, एवढीच तिथली वस्ती. आणि एक कुत्रा. ठेकेदाराचे मुनीमजी त्या जागेला ‘आयलंड’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, तिथे नारळाची झाडं असतील. तिथे बाभळी आहेत, पाणकावळे आहेत आणि डोक्यावरचं ऊन आहे.

हे सगळे किस्से त्या कुत्र्याचे आहेत म्हटलं तरी चालेल. त्या जागेकडे बघायची त्याची एक तऱ्हा होती. मला ती हळूहळू पटत गेली.

*

हिवाळ्यात ठेलारी धनगर मेंढ्या घेऊन धरणाच्या काठाने जातात. एका वर्षी त्यांच्या कुत्रीचं एक पिल्लू पायाने अधू झालं, कळपाबरोबर चालेना. सुकलालने ते मागून घेतलं आणि होडीत टाकून आणलं.

पाय बरा झाला. पण रक्त मेंढ्या राखणाऱ्यांचं, आणि टेकडीवर मेंढी एकही नाही. मग त्याने आम्हालाच मेंढ्या धरलं. ऊन उतरलं की तो निघायचा. दामू जाळं विणत खाली बसलेला असे, सुकलाल होडीत आडवा झालेला असे, जनाबाई काटक्या वेचत असे. एकेकाच्या मागे लागून, पायात घुसून तो सगळ्यांना शेडच्या ओट्यावर आणून बसवायचा. सगळे जमले की आमच्याभोवती एक फेरी मारायचा आणि मगच अंग टाकायचा. कोणी मध्येच उठलं की धोतर धरायचा.

त्याचं नाव आम्ही मुकादम ठेवलं. सुकलाल आमच्या बोलीत म्हणायचा, “खरा मुकादम पगार कापस, हाऊ धोतर फाडस.”

*

मुनीमजी पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट. प्रकाशजी त्यांचं नाव. घरचं धान्याचं दुकान, घरात कांदासुद्धा येत नाही, आणि नोकरी माशांच्या ठेक्यावर. होडीत ते नाकाला रुमाल लावून वाऱ्याच्या बाजूला बसत.

टेकडीवर मोबाइलला रेंज फक्त वरच्या एका खडकावर येते. मुनीमजी तिथे उभे राहून ठेकेदाराशी बोलायला लागले. मुकादमाच्या नजरेत हा एकटाच उभा राहून ओरडणारा प्राणी, म्हणजे नक्कीच चुकलेला. तो गेला आणि त्यांना ओट्यावर घेऊन आला. मुनीमजी परत वर गेले, त्याने परत आणलं. शेवटी फोन बंद करून ते ओट्यावर बसले.

जायची वेळ झाली तर तो त्यांना होडीत चढू देईना. मुनीमजी त्याला समजावून सांगू लागले, “अरे बाबा, मी ठेकेदाराचा माणूस आहे. यांचा नाही.”

त्याला काही ते पटलं नाही. मग आम्ही सगळेच होडीत बसलो, कुत्र्यालाही घेतलं, काठावर गेलो, मुनीमजींना उतरवलं आणि परत आलो. त्या संध्याकाळी मुकादम भाकरीला शिवला नाही. त्याच्या लेखी आम्ही आमचं एक माणूस हरवून आलो होतो.

*

धुळ्याचे एक गुरुजी पक्ष्यांचे फोटो काढायला यायचे. अंगावर हिरवं कापड, डोक्यावर बाभळीचा डहाळा. झुडपात असे बसायचे की जवळून गेलं तरी दिसू नयेत. मुकादमाने त्यांना बाहीला धरून बाहेर काढलं. समोरचे सगळे पक्षी उडाले.

गुरुजी रागावले नाहीत, पण खट्टू झाले. सुकलालला म्हणाले, “पक्ष्यांना वाटत होतं मी झाड आहे.”

सुकलाल म्हणाला, “पक्षीसले वाटत व्हई, गुरुजी. मुकादमले नही.”

*

दामू एका पावसाळ्यात गेला. कावीळ झाली होती, धुळ्याला दवाखान्यात नेला, तिथून आला नाही. त्याला काठावरच्या त्याच्या गावात पोचवलं. कुत्र्याला आम्ही नेलं नव्हतं.

परत आलो त्या दिवशी संध्याकाळी मुकादम नेहमीसारखा निघाला. सुकलालला आणलं, मला आणलं, जनाबाईला आणलं. मग दामू बसायचा त्या जागी गेला. वाकून वास घेतला. पाण्यापर्यंत जाऊन आला. मग आमच्याभोवती फेरी न मारताच तो बाजूला उभा राहिला. कळप पुरा झाला नाही की तो फेरी मारत नसे.

बरेच दिवस हे चाललं. आम्ही तिघं ओट्यावर बसून राहायचो आणि तो पाण्याकडून परत यायची वाट बघायचो. सुकलालला ते सहन होत नसे. तो पाठ करून बसायचा.

आणि एका संध्याकाळी मुकादम त्या जागेकडे गेलाच नाही. आम्हाला गोळा केलं, फेरी मारली, बसला. सुकलाल पाठ करून बसला होता, तो वळला. खाली होडीत गेला आणि तोंडावर गमछा घेऊन पडून राहिला. मुकादमाने त्या दिवशी त्याला परत आणलं नाही.

*

जनाबाईचं विसरणं आधी मिठापासून सुरू झालं. मग दिवस विसरायला लागली. मग माणसं. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, नजर ठेवा.

जळगावला आमचा मुलगा असतो. तो तिला घेऊन गेला. चांगला आहे, सूनही चांगली आहे, दोघंही नोकरी करतात. वरच्या मजल्यावर फ्लॅट. एक दिवस ही दार उघडून खाली उतरली आणि विचारत विचारत एस.टी. स्टँडवर गेली. कंडक्टरला आपल्या माहेरच्या गावाचं तिकीट मागितलं. ते गाव धरणात गेलं, त्यालाही आता जमाना झाला. कंडक्टर तरुण, त्याने असं गाव कधी ऐकलेलं नव्हतं. तो म्हणाला, आजी, असं गावच नाही. ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. मुलाला ती संध्याकाळी सापडली.

मग मीच तिला टेकडीवर परत आणलं. तिथे ती हरवू शकत नव्हती. कोणत्याही बाजूने निघाली तरी पुढे पाणी, आणि पाण्याच्या अलीकडे मुकादम. ती चिडायची. म्हणायची, सासूसुद्धा एवढी पाळत ठेवत नव्हती. पण वळायची.

एकदा भाकरी थापता थापता माझ्याकडे बघून म्हणाली, “तू कोन शेस, भाऊ?”

मी म्हटलं, तू आधी हा कोण ते सांग. मी कुत्रा दाखवला.

“हाऊ मुकादम शे. याले बठ्ठा वळखतस.”

“आणि मी?”

तिने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. “तूबी यानाच हातखाले काम करस ना?”

मी हो म्हटलं. खोटं काही नव्हतं त्यात.

*

उन्हाळ्यात धरण उतरतं. पाणी फारच उतरलं की टेकडीच्या एका बाजूला चिखलाची एक पट्टी वर येते आणि वाळून टणक होते. मग ते आयलंड राहत नाही. चालत जाता येतं. पट्टीच्या मध्ये बुडालेल्या गावाची जोती उघडी पडतात. भिंती कधीच विरघळल्या, पण दगडाची जोती आहेत, उंबऱ्याचा एखादा दगड आहे. तेच जनाबाईचं माहेर.

या उन्हाळ्यात पट्टी उघडल्यापासून ती रोज निघायची आणि मुकादम रोज तिला अर्ध्या वाटेवरून परत आणायचा. एक दिवस मुनीमजी आले तेव्हा त्यांनी हे पाहिलं. पलीकडच्या अंगाला खोल पाणी होतं आणि ही काठाकाठाने चालली होती.

त्यांनी मला बाजूला घेतलं. ठेकेदाराचं म्हणणं असं होतं की अक्कांना, म्हणजे जनाबाईला, तिथे ठेवता येणार नाही. काही झालं तर पोलीस येतील, ठेका जाईल. तिला मुलाकडे पाठवा, नाहीतर आम्ही दुसरा राखणदार बघतो. पुढच्या बाजारापर्यंत काय ते सांगा. हे बोलताना मुनीमजी माझ्याकडे बघत नव्हते, कुत्र्याकडे बघत होते.

मी खडकावर जाऊन मुलाला फोन केला. तो हो म्हणाला. मग म्हणाला, “बाबा, पण आम्ही कामावर गेलो की बाहेरून कुलूप लावावं लागेल. आणि बिल्डिंगमध्ये कुत्रा चालत नाही.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो. खाली आलो. ती ओट्यावर बसून मुकादमाच्या अंगावरची कुसळं काढत होती. कुलूप लावलेल्या खोलीत ती कशी दिसेल ते मला डोळ्यांपुढे आणता येईना. ते आणल्याशिवाय तिला पाठवायचं तरी कसं?

*

ठरल्याप्रमाणे मुनीमजी आले. होडी लागली नाही, पट्टीवरून थेट मोटारसायकलनेच आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. मी काय ठरवलं ते त्यांनी विचारलं. मी तिला विचारून सांगतो म्हणून उठलो, तर जनाबाई शेडमध्ये नव्हती. मुकादमही नव्हता.

आम्ही हाका मारल्या. सुकलाल पाण्याच्या बाजूने धावला. मुनीमजी उभे राहिले, त्यांचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात कुत्रा आला. एकटा. आजवर तो तिला सोडून कधी आला नव्हता. त्याने आधी मला धरलं, ओढलं, थोडं पुढे नेलं. मला सोडून तो परत वर गेला आणि मुनीमजींना घेऊन आला, पँट दातात धरून. मग सुकलालला. तिघांना पुढे घालून, मागून हाकत, तो आम्हाला पट्टीवरून खाली गावात घेऊन गेला. चिखल वाळून भेगाळला होता. शिंपले पडले होते.

ती बापाच्या घराच्या जोत्यावर बसली होती. डोक्यावर पदर, हात मांडीवर. तिला तिथून उठवणं मुकादमाला जमलं नसावं. म्हणून कळपच त्याने तिकडे नेला.

आम्हाला बघून ती सावरून बसली. “बसा, पाव्हना,” म्हणाली. “आबा वावरमा जायेल शेतस. येतीन आते.”

आम्ही बसलो. मुकादमाने आमच्याभोवती एक फेरी मारली आणि उंबऱ्याच्या दगडावर अंग टाकलं.

पँट-शर्ट एकट्या मुनीमजींच्याच अंगावर होता, म्हणून मागणी घालायला आलेल्यांतलं मोठं माणूस तिने त्यांनाच धरलं. माझ्याकडे बोट करून हळू आवाजात विचारलं, “पोऱ्या काय करस?”

मुनीमजींनी माझ्याकडे पाहिलं. सुकलाल खाली बघत होता. मुनीमजींनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तशा आमच्या बोलीत म्हणाले, “राखनदार शे, अक्का.”

“नोकरी पक्की शे का?”

मुनीमजींनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

“पक्की शे,” म्हणाले. “मी सांगस ना.”

तिने मान हलवली. मग जरा पुढे सरकून विचारलं, “आम्हनी जनीनी मान नाजूक शे. पानी कितलं दूर शे?”

मुनीमजींनी वळून टेकडीकडे बोट केलं. पत्र्याचं शेड उन्हात चमकत होतं. त्याच्या मागे धरणाचं पाणी होतं.

“पानी दारमाच शे.”

ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

“मंग दिधी जनी,” ती म्हणाली.