गवताला पाणी घालणारी अक्का

अक्का कुणाच्याही दारात उभी राहून फांदी मागायची. ओळख असो वा नसो, लग्नघर असो वा सुतकाचं घर, निघताना तिची नजर कुंड्यांवरून फिरायची आणि ती म्हणायची, "ही जांभळी लई छान हाय की. एक फांदी घेऊ का?" माझ्या बाबांना लकवा झाला तेव्हा दवाखान्यात सगळ्यात आधी डबा घेऊन आली ती अक्काच. बाबा आत अतिदक्षता विभागात होते, मी बाहेर बाकावर. फाटकाजवळ ती वॉचमनशी बोलताना दिसली. मला वाटलं, आत सोडा म्हणून विनवत असेल. ती बोगनवेलीची फांदी मागत होती. ती फांदी डब्याच्या पिशवीत खोचून ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि मी मान वळवली.

"मागितली, चोरली न्हाई," ती म्हणाली. "खा आता."

लातुरात आमचं आणि तिचं घर लागून होतं. दोन्ही गच्च्यांच्या मधे कमरेएवढा कठडा. तिने लग्न केलं नव्हतं. साड्यांना फॉल-पिको करायची आणि आईबरोबर राहायची. त्यांच्या घरात आईला अव्वा म्हणत, म्हणून गल्लीही अव्वाच म्हणे. मी सुरुवातीला अक्काला "तुम्ही" म्हणायचे. ती म्हणाली, "तुम्ही काय गं, मी काय तहसीलदार हाय?" वयाने ती माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी असेल. पण माझी आई मी बारावीत असताना गेली आणि शाळेतल्या मैत्रिणी पुण्याला निघून गेल्या. त्यानंतर मला मैत्रीण म्हणता येईल अशी ती एकटीच होती. मी इंग्लिश शाळेत शिकलेली, पण कुणाशी फार बोलत नसे. अक्काचं त्यामुळे काही अडत नव्हतं. दोघींच्या वाटचं ती बोलायची.

तिला बागेचं वेड होतं, पण तिचा हात काही रोपांना लाभत नसे. मागून आणलेल्या फांद्यांतल्या निम्म्याअधिक वाळायच्या. गुलाब तर कधी जगलाच नाही. "माझ्याकडं आला की जीव देतो मेला," असं ती हसत सांगायची आणि त्याच डब्यात दुसरी फांदी खोचायची. थर्माकोलचे खोके, रंगाचे रिकामे डबे, मधोमध कापलेली जुनी टाकी, अशी तिची बाग. नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात ती तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून वर न्यायची. घर लिंगायत, म्हणून अव्वाच्या गळ्यातल्या लिंगाच्या रोजच्या पूजेसाठी एका ड्रममध्ये बेल लावला होता. तो मात्र जोमाने वाढला.

बाबा घरी आले ते उजवी बाजू लुळी घेऊन. ते कॉलेजात गणित शिकवायचे. आता त्यांना संडास-लघवीचंही कळत नव्हतं. मी रोज चादरी धुवायचे आणि आतल्या खोलीत दोरी बांधून वाळत घालायचे. गल्लीतल्या कुणाला दिसू नये, एवढंच मला कळत होतं. घरभर वास राहायचा. त्या वासाचीही मला लाज वाटायची, म्हणून खिडक्या लावून घ्यायचे.

एका सकाळी कठड्यापलीकडून अक्का म्हणाली, "सरांच्या चादरी आत कामून वाळवतीस?"

मी खाली मान घालून जिन्याकडे वळले.

"इंग्लिश साळंत बोलायचं शिकवत न्हाईत का? आण वर. ऊन फुकट चाललंय."

मी त्या वर नेल्या. दुसऱ्या दिवसापासून अक्का तिच्या घरातल्या चांगल्या चादरीही रोज धुऊन माझ्या शेजारी वाळत घालू लागली. पाण्याचे एवढे हाल असताना हिला काय झालंय, ते मला कळेना. मग एकदा समोरच्या बाई खालून वर बघत म्हणाल्या, "काय अक्का, रोज एवढ्या चादरी?" त्यावर तिने सहज सांगितलं, "अव्वाला घाण सहन व्हत न्हाई." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोरीवर कुठली कुणाची ते आता गल्लीला कळणार नव्हतं.

मग ती बाबांकडे मेथी आणू लागली. जुडी त्यांच्या मांडीवर टाकायची. "सर, निवडा. दोन्ही हातांनी, हां. डाव्यानं केलेली मी मोजत न्हाई." एवढ्या मोठ्या वर्गांपुढे उभे राहिलेले बाबा परातीपुढे बसून देठं खुडतायत, हे मला बघवत नसे. मी स्वयंपाकघरात निघून जायचे. तिकडे बाबांचं अर्धंमुर्धं हसणं ऐकू यायचं. अक्का म्हणायची, "हे काय, काड्याच जास्त. नापास." त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट पुन्हा जुळू लागलं ते त्या मेथीवरच.

पुढच्या वर्षी अक्का बदलली. गप्प झाली. कुणाच्या दारात गेली तरी कुंड्यांकडे बघेना. अव्वा दिसत नव्हती म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "उदगीरला गेलीय, माझ्या भावाकडं." पण भिंतीपलीकडून अव्वाचा आवाज येत होता. "मला उपाशी ठेवती ही, कुणी तरी या गं." एकदा नाही, रोज. आणि त्या आवाजावर अक्काने मोठ्याने लावलेला टीव्ही. तिने सांगितलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही. आमच्या खिडक्या मी कशासाठी लावत होते ते मला आठवत होतं.

एके दुपारी मी गच्चीवर गेले तर अव्वा एकटी उन्हात उकिडवी बसलेली. हातात खुरपं. आयुष्यभर रानात राबलेली ती म्हातारी प्रत्येक डबा, प्रत्येक खोका खुरपून साफ करत होती. मिरची, जाई, गवती चहा, नुकता जीव धरलेला गुलाब, सगळं तण समजून उपटलेलं. उपटलेल्याचे नीट, सारखे ढीग लावलेले. मी कठडा ओलांडून तिच्या शेजारी बसले.

"कुणाची गं तू?"

"शेजारची."

"मग बसलीस कामून? धर ही पात."

मीही डब्यांची पुढची ओळ खुरपू लागले. अक्का दुकानातून परत आली आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबली. अव्वाने माझा हात धरून सांगितलं, "ही बाई बघ. जेवाया देत न्हाई मला. माझ्या गळ्यातलं लिंग बी हिनंच लपवलंय." ते लिंग अव्वाने स्वतःच काढून मातीत ठेवलं होतं. लिंगपूजेआधी पाण्याचा घोट न घेणारी बाई होती ती. अक्काने ते उचललं, पदराने पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू खरं समजू नको गं. मी देते जेवाया."

दवाखान्याच्या फाटकात फांदी मागणारी अक्का असं काही म्हणेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी "माहीत आहे" एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून दुपारी फॉल-पिकोच्या वेळात मी अव्वाजवळ बसू लागले. बाबांना खुर्चीसकट तिच्या ओसरीत नेऊन बसवायचे. अक्काने पुन्हा रोपं लावली नाहीत. तिने गवत लावलं. रस्त्याच्या कडेची हराळी आणून डब्यांत खोचली आणि साठवलेलं पाणी तिला घालू लागली, अव्वाला उपटायला काहीतरी हवं म्हणून. हराळी मात्र तिच्याकडे एकदाही वाळली नाही. रिकाम्या झालेल्या डब्यांत ती पुन्हा नवी लावायची.

"अक्का, म्हैस घेतली का काय?" समोरच्या बाईंनी विचारलं. गल्ली हसली. एरवी तिने चार शब्द जास्तच सुनावले असते. आता ती तांब्या घेऊन पाठमोरी झाली. मला वाटत होतं, मी काहीतरी बोलावं. पण जे तिने झाकून ठेवलं होतं ते उघडं करायचा हक्क माझा नव्हता. मीही पाठमोरी उभी राहिले, तिच्याजवळ.

उन्हाळा संपता संपता अव्वा झोपेतच गेली. अक्काचा भाऊ आला, विधी करायला जंगम आले, माती झाली. माणसं येत होती, अक्काच्या गळ्यात पडून रडत होती. अक्काही रडत होती. सगळे परतल्यावर एका संध्याकाळी ती गच्चीवर बसली होती. मी कठड्याशी उभी राहिले.

"काल दुपारी झोपले मी," ती म्हणाली. "अव्वा बाहीर जाईल म्हणून लावायची ती कडी बी न लावता. लई गाढ. उठल्यावर अंग हलकं वाटलं बघ. आन् मग एवढी लाज वाटली." तिने पदर तोंडाशी धरला. "लोकं रडतेत, मी बी रडते. पर आतून बरं वाटायलंय मला. आई गेल्याचं बरं वाटतंय. हे कुणाला सांगू?"

खाली आमच्या घरात बाबांचा टीव्ही चालू होता.

"तुला वाटतं का कधी," तिने विचारलं, "सरांचं?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल याचीच मला इतके दिवस भीती होती. खोकून, विषय बदलून, चहाला बोलावून तो टाळता आला असता.

"हो," मी म्हणाले. "कधी कधी. आणि मग त्यांच्याकडे बघवत नाही."

असं वाटतंच माणसाला, असं ती म्हणाली नाही. तू नको वाटून घेऊ, असंही नाही. ती नुसती सरकली आणि चटईवर मला जागा केली. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. मग बाबांनी हाक मारली आणि मी उठून गेले.

भावाने तिला उदगीरला नेलं. एकटी बाई लातुरात कशाला, असं सगळ्यांचं मत पडलं, त्यात तिचं कुणी विचारलं नाही. त्या घरात आता भाडेकरू आहेत. ते चांगले आहेत. मी त्यांच्याशी हसते.

अक्काचा अधूनमधून फोन येतो. आधी विचारते, "सर कसे हायत?" त्यावर मी सगळ्यांना सांगते तेच सांगते. मग विचारते, "आन् तू?" परवा मी सांगितलं की मी बाबांवर ओरडले, त्यांच्या हातातलं ताट ओढून घेतलं, आणि नंतर न्हाणीघरात जाऊन बसले.

"बरं," ती म्हणाली. "मग जेवलीस का न्हाई?"