पाहुण्यांच्या गोलामागं

आमच्या मुरुम गावात क्रिकेटचा नाद असला तर कुणी काही म्हणत नाही. फुटबॉलचा नाद असला तर घरचे वेडा म्हणतात. आणि आमच्या क्लबाचा नाद असला तर तो शब्दही कमी पडतो, कारण आमचा क्लब जिंकत नाही. पुढे असताना हरतो, शेवटच्या मिनिटाला हरतो, एकदा तर आमच्याच बचावपटूनं इतका सुरेख गोल आमच्याच जाळ्यात मारला की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझं औषधाचं दुकान आहे. मॅच असली की मी भरदुपारी शटर ओढतो आणि काळ्या मातीच्या त्या भेगाळलेल्या मैदानावर जाऊन घसा फोडतो. हरून घरी आलो की जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. खेळतात ती पोरं, उपास तुम्हाला कशाला, असं बायको विचारते. तिचंही बरोबरच आहे. पण धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

या नादात मला एकच जोडीदार होती, माझी थोरली बहीण. आमची अक्का. तिला हद्दीपलीकडच्या कानडी गावात दिलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली ती कायमची. एकदा मी विसरलेली दुकानाची किल्ली द्यायला मैदानावर आली आणि मॅच संपेपर्यंत थांबली. पुढच्या वेळी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन माझ्याआधी दारात उभी. ऑफसाइड तिला कधी कळलं नाही, पण चेंडू आमच्या पोराच्या पायात आला की ती उठून ‘ओडो, ओडो’ ओरडायची. कानडीत ओडो म्हणजे पळ, हे आमच्या सगळ्या पोरांना पाठ झालं होतं. घरात तिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर येत नसे. मैदानावर मात्र आम्ही बसायचो त्या कडेच्या लिंबाखालून पार पलीकडच्या गोलापर्यंत जायचा.

यंदा आम्ही एक मॅच जिंकत आणली होती. आमचा एक गोल झालेला, वेळ संपत आलेली, आणि आमच्या गोलकीपरच्या हातातून चेंडू निसटून मागं गेला. पाठोपाठ दुसराही बसला. माझं डोकं फिरलं. शेजारच्या एका मित्रानं डिवचलं, आता शिव्या कुणाला घालणार, पंचाला का गोलकीपरला?

मी म्हणालो, “आमच्या अक्काचाच पाय पांढरा हाय. ती आली की गोल बसतोच.”

सगळे हसले. अक्काही हसली. पदरातली टरफलं तिनं पिशवीत भरली आणि आम्ही घरी आलो.

पांढऱ्या पायाची. हाच शब्द तिच्या सासूनं तिला लावला होता, दाजी गेले तेव्हा, माझ्या देखत. मी तिला आणायला गेलो होतो आणि त्या म्हातारीच्या अंगावर धावून गेलो होतो. मग तो माझ्या तोंडात आला कुठून? म्हणजे इतकी वर्षं मीही तो आत कुठंतरी जपूनच ठेवला होता.

पुढच्या मॅचला अक्का म्हणाली, गुडघा धरलाय. मी आग्रह केला नाही. उलट एकटा मैदानाकडे जाताना माझ्या मनात आलं, बघू तरी आज काय होतंय. आम्ही चार गोल खाल्ले. त्या दिवशी मला क्लबाचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. पण घरी जाऊन अक्काला तसं काही सांगितलं नाही. मॅच कशी झाली असं तिनं विचारलं, मी नुसतं हरलो म्हणालो आणि चहा मागितला.

त्यानंतर माझ्या धाकट्या मुलीचं बारसं आलं. नाव आत्यानं ठेवायचं. थोरल्या मुलाच्या कानात अक्कानंच कुर्र केलं होतं, आणि विधवा बाई कशी चालते म्हणणाऱ्या चुलतीला मी चारचौघांत गप्प बसवलं होतं. या वेळी पाळणा सजला, बायका जमल्या, तरी अक्का कुठं दिसेना. ती आत घुगऱ्यांचं पातेलं ढवळत बसली होती. मी हाक मारली तर वर न बघता म्हणाली, “धाकल्या चुलत बहिणीला सांग की बाबा. लेकराचं पहिलंच काम हाय. उगं कशाला माझा पाय?”

तिच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती मलाच समजावत होती. मी म्हणालो, ती थट्टा होती, रागाच्या भरात तोंडातून गेलं. ती म्हणाली, व्हय, मला ठावं हाय. आणि तिथंच बसून राहिली. नाव चुलत बहिणीनं ठेवलं. चांगलं ठेवलं, पण लेकीला त्या नावानं हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते.

मग मी हट्टालाच पेटलो. अक्काला म्हणालो, तू नव्हतीस तेव्हा आम्ही चार गोल खाल्ले, त्यानंतरही हरलोच. तुझ्या पायाचा काही संबंध असता तर तेव्हा जिंकलो नसतो का? ती बराच वेळ विचार करत राहिली. मग येते म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

त्या रविवारी ती शेंगांची पिशवी घेऊन आली, पण लिंबाखाली थांबली नाही. मैदानाला वळसा घालून पाहुण्यांच्या गोलामागं जाऊन बसली. तिकडं सावली असेल, असं मी धरून चाललो. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली, पुन्हा सगळं मैदान फिरली, आणि पाहुण्यांचा गोलकीपर आता जिथं उभा होता त्याच्या मागं बसली. पाय लांब पसरून, तळवे जाळीकडे करून. ‘ओडो’ एकदाही ऐकू आलं नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणालो, देवा, आज आम्हाला हरू दे.

आम्ही जिंकलो. आमच्या पोरानं मारलेला अगदी साधा चेंडू त्यांच्या गोलकीपरच्या हातातून निसटला आणि अक्काच्या पायांसमोर जाळीत अडकला. गुलाल उधळला गेला, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. ज्या दिवसाची इतकी वर्षं वाट बघितली तो आला होता, आणि मी त्या खांद्यावरून पाहुण्यांच्या गोलामागंच बघत होतो.

गर्दी ओसरल्यावर अक्का आली. तिचा चेहरा इतका फुललेला मी तिच्या लग्नानंतर बघितला नव्हता.

“लागला का न्हाय पाय त्यास्नी?” ती म्हणाली. “आता दर बारीला मी तिकडंच बसत जाईन.”

आणि उरलेल्या शेंगा तिनं माझ्या हातात दिल्या.