बिनजोडीची कामटी

धबधब्याशी थोरलीचं पूर्वी काही वाकडं नव्हतं. पाणी वरून खाली पडतं, त्यात त्याचं कसलं कर्तृत्व, असं तिचं मत होतं आणि ते तिने शेवटपर्यंत बदललं नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी डांबरी रस्ता आला, त्याच्या तोंडाला बाण काढलेली पाटी लागली आणि शहरातली माणसं गाड्या भरभरून यायला लागली. गाड्या खाली लावायच्या आणि जंगलातून चालत धबधब्याकडे जायचं. ती पायवाट नेमकी थोरलीच्या अंगणाला लागून होती. तेव्हापासून तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं काढा पिऊन जाणारं नव्हतं.

थोरली म्हणजे त्या घरातल्या थोरल्या भावाची बायको. तो बांबू तोडायला गेला आणि कड्यावरून घसरला, त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मागे राहिले धाकटा दीर, त्याची बायको आणि ही. दिराने तिला कधी ‘वहिनी, आता माहेरी जा’ म्हटलं नाही. पण ‘इथेच राहा’ असंही कधी म्हटलं नाही, आणि हे थोरली विसरली नव्हती. त्या घरात ती राहिली ती बुडाच्या जोरावर. हसू नका, टोपलीच्या बुडाच्या.

त्या घरात टोपल्या विणायची एक रीत होती. बूड घालायचं ते घरातल्या मोठ्या बाईने, बाजू उठवायच्या आणि काठ बांधायचा तो धाकटीने. बूड घालणं म्हणजे बांबूच्या कामट्या आडव्याउभ्या रचायच्या, पायाच्या अंगठ्याने दाबून धरायच्या आणि आवळायच्या. पण खरी गोम पुढे आहे. प्रत्येक कामटीला दोन टोकं, म्हणजे बुडाभोवती टोकं नेहमी जोडीजोडीने येणार. आणि टोकं जोडीची असली की विणायची पट्टी प्रत्येक फेऱ्याला त्याच कामट्यांच्या वरून आणि त्याच कामट्यांच्या खालून जाते, बाजू पकड घेत नाही, सगळं सैल पडतं. म्हणून बूड आवळायच्या आधी एक आखूड कामटी पोटात खोचायची, तिचं एकच टोक बाहेर राहील अशी. ती बिनजोडीची कामटी. ती आली की सगळी टोपली ताठ उभी राहते. एकदा बूड आवळलं की मग तिथे सुईसुद्धा शिरत नाही. ही खोच थोरलीसारखी कुणाला जमत नव्हती, आणि हे तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

पण बूड जमिनीला टेकलेलं असतं, ते बघतो कोण? लोक बघतात ती बाजू, तिच्यावरची रंगीत पट्टी आणि काठ. शिवाय बूड घालायला पाण्याचं टाकं जवळ लागतं, म्हणून थोरली घराच्या मागे बसायची. धाकटी पुढच्या ओट्यावर, वाटेकडे तोंड करून. दिसायला नीटस, हसायला उतावळी. येणारे-जाणारे थांबायचे, टोपली हातात घेऊन म्हणायचे, “किती सुरेख! हे तू केलंस?”

“हो, मीच की!” धाकटी म्हणायची.

मागे टाक्याशी बसलेल्या थोरलीच्या कानात ते ‘मीच की’ गरम तेलासारखं उतरायचं. ‘आयत्या बिळावर नागोबा!’ ती कामटीला सांगायची. ‘बुडाशिवाय उभी करून दाखव म्हणावं एक तरी.’ कामटी काय बोलणार? थोरली ती कचकन आवळायची.

एके दिवशी शहरातली एक दुकानवाली बाई आली. तिचं हस्तकलेच्या वस्तूंचं मोठं दुकान होतं. तिने धाकटीच्या हातात टोपली देऊन तिचा फोटो काढला, अंमळ मान वाकडी करायला लावून. पावसाळा सरता सरता धबधबा भरात असतो, तेव्हा गर्दीच गर्दी. तोवर ढीगभर टोपल्या करून ठेवा म्हणाली. प्रत्येक टोपलीला एक कार्ड बांधायचं, त्यावर धाकटीचा हसरा चेहरा आणि खाली ‘अस्सल आदिवासी हस्तकला’.

“अस्सल म्हणजे काय गं?” बाई गेल्यावर थोरलीने विचारलं. “आत्तापर्यंत आपण नकली होतो का?”

धाकटी खळखळून हसली. तिला वाटलं, जाऊबाई मजेत आहेत.

थोरली मजेत नव्हती. तिला त्या कार्डाने पछाडलं. भाकरी थापताना कार्ड, पाणी भरताना कार्ड. बूड माझं आणि तोंड हिचं! ती उघड उघड जळत होती, आणि आपण जळतोय हे कळत असूनही तिला ते विझवायचं नव्हतं. आज कार्डावर हिचा चेहरा आला, उद्या दीर म्हणेल, सगळं हीच करते तर वहिनी कशाला? असा विचार करता करता एका दुपारी तिचा हात थांबला. बिनजोडीची कामटी तिने उचलली, पाहिली आणि तशीच बाजूला टाकली. बूड आवळलं. कामटीशिवाय.

मग दुसरंही तसंच, तिसरंही. मनात बेत पक्का होता. धाकटी बाजू उठवायला बसेल, पहिल्याच फेऱ्यात तिच्या लक्षात येईल, रडकुंडीला येऊन मागे धावेल. तेव्हा आपण शांतपणे म्हणायचं, ‘का गं, तूच करतेस ना सगळं? मग कर की.’ हे वाक्य तिने इतक्यांदा मनात घोळवलं की ते गुळगुळीत झालं.

पण धाकटी आलीच नाही. मुकाट्याने बुडं घेऊन जायची, आणि पुढून नेहमीसारखा विणण्याचा सरसर आवाज यायचा. थोरली कान देऊन ऐकायची. हिने काय केलं असेल? पुढे जाऊन बघावं तर तो कमीपणा. ओट्यावर जाऊन डोकावेल ती थोरली कसली! तिने आणखी बुडं घातली, सगळी तशीच. म्हटलं, चार दिवस सासूचे तर चार दिवस सुनेचे, आमचेही येतील. ती बाई माल न्यायला येईल तेव्हा टोपल्या तिच्या हातातच लुळ्या पडतील.

बाई आली त्या दिवशी थोरलीने तोंड धुतलं, केस विंचरले, धुवट कपडे घातले आणि तमाशा बघायला घराच्या कोपऱ्याशी येऊन उभी राहिली. टोपल्या ओट्यावर मांडल्या होत्या. एकही लुळी नव्हती. उलट प्रत्येक टोपलीच्या बाजूवर एक कामटी बुडापासून मधोमध चिरलेली होती. बुडाशी एक, वर जाताना दोन. एकाची दोन केली की जोडी मोडते, हे थोरलीला क्षणात कळलं, आणि तिच्या तोंडची चवच गेली.

“अगं, हे काय नवीन?” बाईने टोपली उचलली, निरखली आणि चटकन उपडी केली.

थोरली एक पाऊल पुढे सरकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी टोपली उपडी केली होती. आता बूड दिसणार. बाईने बुडावर बोट टेकवलं, तिथून त्या चिरलेल्या कामटीवरून खाली ओढत नेलं आणि ओरडलीच, “धबधबा! वर एकच धार आणि खडकावर आपटून खाली दोन! हुबेहूब तुमचा धबधबा आहे हा! कसं सुचलं तुला?”

धाकटीने कोपऱ्याकडे एक नजर टाकली आणि मान खाली घातली. “सुचलं असंच,” ती म्हणाली.

करायला गेले एक आणि झालं भलतंच! बाई सगळ्या टोपल्या घेऊन गेली, वर अशाच आणखी सांगून गेली. थोरली मागे जाऊन टाक्याच्या काठावर मटकन बसली. ‘सुचलं असंच’ म्हणे! खड्डा मी खणला आणि ही त्यात पडून वर बक्षीस घेऊन आली.

थोड्या वेळाने धाकटी मागे आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

“जाऊबाई, रागावणार नसाल तर एक बोलू?”

“बोल की. आता तू मोठी कलाकार.”

“तसं नाही हो.” धाकटी तिच्या पायाशी बसली. “तुम्ही हल्ली घातलेली सगळी बुडं जोडीची निघाली. खोच राहून जातेय. मी म्हटलं, तुम्हाला सांगितलं तर वाईट वाटेल, म्हणून कामट्या चिरून भागवत होते. त्या बाईसमोर तरी कसं सांगू? जाऊबाई, तुम्हाला दिसत नाहीये. माझ्या आईचं असंच झालं होतं. शेवटपर्यंत बोलली नाही आणि दोन्ही डोळे गेले.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी ह्यांना सांगितलंय. उद्या बाजाराच्या गावी जाऊन तपासून येऊ. तोवर बुडं मी घालत जाईन.”

बुडं मी घालत जाईन! थोरलीला सगळं ऐकू आलं, पण मनात रुतलं ते एवढंच. तिची नजर अशी होती की समोरच्या डोंगरावर कुणाची शेळी चरतेय ते ती बसल्या जागी सांगायची. पण आता धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. डोळे चांगले आहेत म्हणावं, तर मग इतकी बुडं चुकली कशी? त्याला उत्तर एकच होतं, आणि ते ज्या दिराच्या घरात खायचं त्याच्यासमोर द्यावं लागणार होतं.

“हो गं,” ती शेवटी म्हणाली. “थोडं धूसरच दिसतं.”

बाजाराच्या गावी चष्मेवाल्याने तिला स्टुलावर बसवलं, नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि भिंतीवरच्या तक्त्यातल्या फणीसारख्या चित्रांचे फाटे कुणीकडे आहेत ते बोटाने दाखवायला सांगितलं. शेवटची बारीक ओळसुद्धा थोरलीला स्वच्छ दिसत होती. तिने फाटा उजवीकडे असला की बोट डावीकडे केलं. चष्मेवाला काच बदलत गेला. “आता? आता दिसतं?” ती “नाही” म्हणत गेली. काचा जाड होत चालल्या. बाजूला दीर उभा होता, जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी घाबरलेला. “वहिनी, नीट बघा हो,” तो म्हणाला. शेवटी भिंत साबणाच्या पाण्यासारखी दिसायला लागली तेव्हा कुठेतरी थांबायला हवं म्हणून ती म्हणाली, “हां, आता बरं दिसतं.”

“केव्हापासून सांगत नव्हत्या?” चष्मेवाला डोकं हलवत म्हणाला.

अशा रीतीने ज्या बाईला मुंगीचे पाय दिसायचे तिच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा बसल्या. एकटी असताना तो चष्मा कपाळावर ढकलता आला असता. पण एकटं राहणं संपलं. धाकटीने तिची काळजी म्हणून आपलं विणकाम उचलून मागे टाक्याशी आणलं. ती सारखी बघायची. “जाऊबाई, चष्मा?” की थोरलीने तो पुन्हा खाली ओढायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एक मात्र झालं. बूड तिच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. तिने निक्षून सांगितलं, “दिसो न दिसो, बोटांना सगळं ठाऊक आहे.” आणि ते खरंच होतं. डोळे असून आंधळ्यासारखी ती चाचपून बुडं घालू लागली. खोच घालायला तिने आखूड कामटी हातात घेतली तर धाकटी म्हणाली, “ती नकोच आता. बाईंना सगळ्या धबधब्याच्याच टोपल्या हव्यात. जोडीचंच बूड घाला, बरंच झालं, तुमच्या डोळ्यांना ताण नाही.” थोरलीने कामटी खाली ठेवली. जी एक गोष्ट तिच्यासारखी कुणाला येत नव्हती, ती आता कुणालाच नको होती. धाकटीचा इतका राग तिला आधी कधी आला नव्हता, आणि त्यात धाकटीची काडीची चूक नव्हती म्हणून तो आणखी वाढला.

धबधबा भरात आला. गर्दी लोटली. मधल्या एका खेपेला दुकानवाली बाई थोरलीचं चाचपणं बघून तिचा फोटो काढून गेली होती, आणि डोळ्यांशिवाय बूड घालणारी बाई म्हणून शहरभर सांगत सुटली होती. आणि एक नवलच झालं. लोक ओट्यापुढे न थांबता घराला वळसा घालून थेट मागे यायला लागले. जाड चष्मा लावून चाचपत बसलेल्या थोरलीला बघायचे, कुजबुजायचे, हात जोडायचे. “याच का त्या?” एकीने विचारलं. “हो, ह्याच,” धाकटी अभिमानाने म्हणाली. “सगळं ह्यांच्यापासून सुरू होतं. मी नुसती वर विणते.”

थोरलीने ऐकलं. जे ऐकायला ती इतकी वर्षं आसुसली होती ते हेच शब्द होते. तिला गोड लागले नाहीत.

मग दुकानवाली बाई नवी कार्डं घेऊन आली. अंगणात माणसांचा घोळका होता, दीरही होता. बाईने पहिलं कार्ड थोरलीच्याच हातात दिलं. “मागच्या खेपेला तुमचा फोटो काढला होता, आठवतं?”

थोरलीने कार्ड नाकापाशी धरलं. लांब नेलं. पुन्हा जवळ आणलं. काचेपलीकडे काहीतरी करडं, काहीतरी पांढरं, मध्ये एक डाग. तिचा अंगठा आपोआप चष्म्याच्या कडेला गेला. सगळे तिच्याकडेच बघत होते. दीर वाकून विचारत होता, “दिसतंय ना वहिनी?” तिने अंगठा काढून घेतला.

“यात तू कुठे आहेस गं?” तिने धाकटीला विचारलं.

“मी नाहीये जाऊबाई,” धाकटी हसत म्हणाली. “मीच त्यांना सांगितलं, नुसता ह्यांचाच फोटो घाला म्हणून. चांगला आलाय की नाही?”

थोरलीने त्या करड्या डागावरून एकदा बोट फिरवलं. कागद गुळगुळीत होता, बोटाला काहीच लागलं नाही.

“चांगला आलाय,” ती म्हणाली.