चाचांचं बोट

माझ्याकडे चंद्राचे शेकड्यांनी फोटो आहेत आणि बायकोच्या मते तो एकच फोटो आहे. "कालचाच ना हा?" असं ती विचारते. खरं सांगायचं तर पौर्णिमेच्या आगेमागे मलाही फरक सांगता येत नाही. सोलापुरात आमचं घर, खाली माझं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्रावर लेन्स रोखायची, असं माझं चाललेलं असतं. लेन्स जुनी घेतलेली, पण हातभर लांब. घरात तिला तोफ म्हणतात.

या लांब लेन्सची एक खोड आहे. चंद्र डोळ्यांना समोर लख्ख दिसतो आणि कॅमेऱ्यात सापडत नाही. लेन्स जितकी लांब, तितका आभाळाचा तुकडा लहान. नळीतून बघितल्यासारखं होतं. डावीकडे फिरवा, उजवीकडे फिरवा, नुसतं रिकामं आभाळ. म्हणून मी खूण धरतो. नव्या चंद्रकोरीसाठी पश्चिमेला, मंगळवेढ्याच्या अंगाला, एक मोबाईलचा टॉवर आहे. आधी त्याच्यावर फोकस लावायचा, मग तिथून हळूहळू सरकत चंद्रापर्यंत जायचं. तोवर चंद्र पुढे गेलेला असतो, आणि वारा असला की तिवई थरथरते. माझ्यासारख्या चिडक्या माणसाने हा छंद का धरला, देव जाणे.

आमच्या गच्चीला लागून चाचांची गच्ची, मध्ये कमरेएवढी भिंत. चाचा आमच्या गल्लीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ. उभा जन्म हैदराबाद रोडला ट्रक चालवला. मी चड्डीत होतो तेव्हापासून त्यांच्या नजरेच्या गोष्टी ऐकत आलोय. समोरून येणाऱ्या ट्रकचा नंबर ते दुसऱ्याला ट्रक दिसायच्या आत वाचायचे म्हणे. अर्ध्या गोष्टी त्यांनीच पसरवलेल्या असणार. पण एक गोष्ट मी स्वतः दरवर्षी पाहिलेली. रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की गल्ली गच्च्यांवर चढायची. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. सगळे डोळे ताणून उभे, आणि चाचा निवांत, खजुराची बी तोंडात घोळवत. मग त्यांचं उजवं बोट वर जायचं. त्या बोटाच्या रेषेत बघितलं की सगळ्यांना चंद्र दिसायचा. मशिदीतली बुजुर्ग मंडळी दुसऱ्या गावांना फोन लावत बसायची, पण गल्लीला चाचांचं बोट पुरे होतं.

मला ते डॉक्टर म्हणायचे. "चाचा, मी डॉक्टर नाही, चष्मेवाला आहे," असं मी शंभरदा सांगितलं असेल. "तेच की रे," म्हणायचे.

तर हे चाचा एक दिवस दुकानात आले. "नंबर वाढला जणू, डॉक्टर." मी मशीनवर तपासलं, थोडा फरक होता, काच बदलून दिली. काही महिन्यांनी परत आले. जिन्याची शेवटची पायरी चुकते म्हणाले. परत काच बदलली. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मोटारसायकल कुटनं आली कळलंच न्हाय. बाजूनंच आली की." हे ऐकून मी थांबायला हवं होतं. भिंतीवरची अक्षरं ते धडाधड वाचत होते. समोरचं दिसतं आणि बाजूचं दिसत नाही, हे नंबराचं दुखणं नसतं, हे आमच्या धंद्यातल्या नवशिक्यालाही कळतं. मी तरीही काचच बदलली. आळस म्हणा, लग्नसराईची गर्दी म्हणा, किंवा चाचांच्या डोळ्यांना काही होणारच नाही, ही लहानपणापासून डोक्यात बसलेली समजूत म्हणा. कारणं मी बरीच शोधली आहेत. त्यातलं एकही मला पटलेलं नाही.

चौथ्यांदा मी त्यांना स्कूटरवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. "इतक्या उशिरा का आलात?" असंही विचारलं. चाचा चष्मा पुसायला लागले. मी औषधाची चिठ्ठी खिशात घातली.

बाहेर पडल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "घरी सांगू नको. कळलं की मला खुर्चीत बसवतील बघ. हितं जाऊ नका, तितं जाऊ नका. आणि चांद कोण बघंल?" मी शब्द दिला. तेवढंच देण्यासारखं माझ्यापाशी उरलं होतं. औषधाची बाटली माझ्या गल्ल्याशेजारच्या खणात राहिली. पेपर वाचायच्या निमित्ताने चाचा सकाळ-संध्याकाळ यायचे, मान मागे टाकायचे आणि मी थेंब घालायचो. हेडलाइनीसुद्धा त्यांना दिसत होत्या की नाही कोण जाणे, पण पेपर मात्र हातात सरळ धरायचे.

रमजान आला. एक दिवस थेंब घालून झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, तुझी तोफ हाय की. तुला सापडला की मला खूण सांग. टॉवरच्या किती वर, किती बाजूला. तेवढं कळलं की मी हुडकतो. खोटं न्हाय बोलणार मी. दिसला तरच बोट करणार." मला एकदम हलकं वाटलं. ज्या डोळ्यांच्या बाबतीत मी चुकलो, त्यांना निदान ही एक संध्याकाळ मिळवून देता येईल, असं वाटलं.

एकोणतिसाव्या संध्याकाळी हवेत धुरळा होता. मी उजेड असतानाच टॉवरवर फोकस लावून ठेवला. सूर्य गेला, खाली रोजा सुटला, नमाज झाली आणि गच्च्या भरल्या. चाचा खजूर चघळत भिंतीपाशी येऊन उभे राहिले. मी टॉवरपासून सरकत गेलो. रिकामं आभाळ, रिकामं आभाळ, आणि मग नखाच्या कडेएवढी एक फिकट रेघ. हात थरथरतील म्हणून टायमर लावून फोटो घेतला, स्क्रीनवर मोठा करून बघितला. चंद्रच होता. मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर मला काही दिसलं नाही. गल्लीत कुणालाच दिसत नव्हता.

"चाचा," मी हळूच म्हटलं, "टॉवरच्या डाव्या अंगाला, दोन बोटं वर."

ते बघत राहिले. मान थोडी वळली, परत वळली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "टॉवर कुटं हाय रे?"

टॉवर नाकासमोर होता. रेघ खाली चालली होती, पाच-दहा मिनिटांत ती धुरळ्यात बुडणार होती. मी भिंतीवरून ओणवा झालो, त्यांचं मनगट धरलं, बोट सरळ केलं आणि वर उचललं. "असं बघा. या बोटाच्या टोकाला."

इतकी वर्षं ज्या बोटाची गल्ली वाट बघत आली होती, तेच मी सगळ्यांच्या देखत उचललं होतं, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. समोरच्या गच्चीवरून पहिली आरोळी उठली. "चांद! चाचांना दिसला!" मग दुसरी, तिसरी. माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. नवल म्हणजे, दोघातिघांनी आपल्यालाही दिसल्याचं सांगून टाकलं.

चाचांनी चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. "हे काय केलंस रे? मी न्हाय बघितला."

"पण आहे, चाचा. कॅमेऱ्यात आहे. खोटं काहीच नाही यात."

"असंल. मेरेकू नै दिखा ना." जिवाला लागलं की ते त्यांच्या बोलीवर जायचे.

मी त्यांना गप्प बसा म्हणालो. खरोखरच म्हणालो. चंद्र आहेच, उद्या ईद होणारच, कुणाचं काय बिघडतंय, असं सगळं घाईघाईत बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला खाली ने. मशिदीपर्यंत."

मी लेन्सवरचा कॅमेरा सोडवून बरोबर घेतला आणि भिंत ओलांडून त्यांच्या गच्चीत गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते एकेक पायरी उतरले. मशिदीच्या फाटकाशी गर्दी होती. लोक त्यांना मिठ्या मारत होते, आणि ते दर वेळी माणसाला हळूच बाजूला करत होते. बुजुर्ग मंडळींपुढे उभे राहून म्हणाले, "मैं नै देखा. बोट माझं होतं, पण मी न्हाय बघितला."

"चाचा, थट्टा करता काय?" कुणीतरी हसून म्हणालं.

मी कॅमेरा पुढे केला. "हा बघा. आत्ताचा आहे." एका वयस्कर गृहस्थांनी फोटो नीट पाहिला. "झकास आलाय, भाऊ. पण आमाला डोळ्यानं बघितलेला माणूस लागतो." मी म्हणणार होतो की मी बघितलाय. पण कुठं बघितला होता? कॅमेऱ्यातच. आणि या बाबतीत माझ्यासारख्या रोजा न धरणाऱ्याची साक्ष कोण मागणार होतं? ज्याच्याकडे चंद्र होता त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि ज्याला विचारत होते त्याला तो दिसत नव्हता. मी कॅमेरा गळ्यात अडकवून नुसता उभा राहिलो.

"आंखां गये मेरे," चाचा म्हणाले. "लई दिस झाले."

त्यांची सून मागोमाग फाटकापर्यंत आली होती, तिने ऐकलं. कधीपासून, काय झालं, औषध चालू आहे का, असे प्रश्न सुरू झाले. आता माझं नाव निघणार म्हणून मी मान खाली घातली. त्या तीन काचांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

तासाभराने दुसऱ्या गावाहून चंद्र दिसल्याची खबर आली आणि मशिदीतून ईद जाहीर झाली. पुन्हा आरोळ्या झाल्या. चाचांच्या गच्चीकडे कुणी बघितलं नाही.

दरवर्षी ईदला सकाळी शीरखुर्म्याचा डबा चाचा स्वतः घेऊन यायचे, दारातूनच "घ्या, गरम हाय" असं ओरडत. या वेळी डबा सुनेच्या एका हातात होता आणि दुसऱ्या हातात चाचांचा दंड. "अब्बांना आता एकटं सोडायचं नाही, असं ठरलंय," ती माझ्या बायकोला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "औषध तुमच्याकडं आहे म्हणाले. द्या. आता घरीच घालू." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी दुकानातल्या खणातून बाटली आणून दिली. त्या महिन्याची ती बाटली अजून निम्म्याहून जास्त भरलेली होती.

दोघी आत गेल्यावर चाचा खुर्चीत बसले. नवा कुर्ता, अत्तराचा वास. त्यांना खुर्चीत बसवतील, असं तेच म्हणाले होते, ते मला आठवलं.

"डॉक्टर, कालचा फोटो हाय ना? दाखव की."

मी कॅमेरा सुरू करून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, स्क्रीन नाकाजवळ नेली, लांब नेली. मी काहीच करत नव्हतो. काल त्या हाताला धरून जे केलं होतं, त्यानंतर माझी हिंमत होईना.

त्यांनीच उजवं बोट माझ्यापुढे केलं. "धर की," म्हणाले. "आता कोण बघतंय?"

मी बोट धरलं आणि त्या एवढ्याशा स्क्रीनवर चंद्र होता तिथे नेऊन टेकवलं.

"हितं?"

"हो चाचा, इथंच."

ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. जन्मभर ट्रकचं स्टिअरिंग धरलेलं ते जाड बोट होतं. त्याच्याखाली चंद्र पुरता झाकला गेला होता, आणि हे मला त्यांना सांगता आलं नाही.